हळदीकुंकवाच्या तबकातला दगड

देवपूर, धुळे
२१ जानेवारी १९५८

प्रिय सुमन,

रविवार, १९ जानेवारी १९५८, संध्याकाळचे सव्वापाच. जळगावला तुझ्या दिवाणखान्यात, तिळगुळाशेजारी, हळदीकुंकवाच्या तबकात तू तो तांबडा दगड ठेवलास आणि खोलीभर बायकांसमोर म्हणालीस, "ऑस्ट्रेलियातल्या एका म्हातारीनं आमच्या अक्काला प्रेमानं दिला." त्याचं उत्तर या पत्रात देते. मी शाळेतून निवृत्त झाले, माझी जीभ झालेली नाही.

परवापासून एका जागी बसवत नाही. पांझरेच्या पुलापर्यंत जाते, परत येते, दोन ओळी लिहिते, पुन्हा चपला घालते.

तुझे यजमान जीवरामराव शेतीच्या शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात होते, तू सोबतीला मला नेलंस, ते मी विसरले नाही. त्या खडखडत्या ट्रकमधून आपण वाळवंटात दिवसभर धूळ खाल्ली. फैजपूरच्या केळीच्या बागांत वाढलेल्या आपण, ती लाल, उघडी जमीन बघून तू म्हणालीस, "अक्का, इथं देव पाणी घालायला विसरला गं!" किती हसले होते मी. आणि मग सपाट मैदानातून एकटाच उठलेला तो प्रचंड खडक दिसला. कॉन्व्हेंटच्या भूगोलात त्याला कुणा साहेबाचं नाव होतं. पायथ्याशी बसलेल्या म्हातारीनं खरं नाव सांगितलं, उलुरू, तेव्हा मला आपल्या सिस्टरांचाच राग आला. ड्रायव्हर दुभाष्या झाला होता. तिनं एका कपारीकडे बोट केलं: ती जागा बायकांची, पुरुषांनी जायचं नाही, आणि इथला खडाही कुणी उचलायचा नाही. तू चांगली मान डोलावलीस. पर्स तेव्हाच जड झाली होती का गं?

परवा तू दगड तबकात ठेवलास म्हणून लताबाईंनी त्याला हळदीकुंकू लावलं, त्यांचं बघून बाकीच्यांनीही. तू ओरडलीस, "अहो, तो शोभेचा आहे!" लताबाई म्हणाल्या, "मग तबकात कशाला ठेवला, बाई?" आता लागलं ते लागलं. हळदीकुंकू लावलेल्या बाईची ओटी भरतात, आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, तिला माहेरी धाडतात. तिला काचेच्या कपाटात कोंडत नाहीत.

चोरीपेक्षा मला वेगळंच टोचतंय, ते तुला ठाऊक नाही. निघताना तू ट्रकमध्ये चढलीस आणि म्हातारीनं माझं मनगट धरलं. ड्रायव्हर म्हणाला, ती विचारते, तुमच्या सोबतच्या बाईनं काही उचललं तर नाही ना? नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, "ती माझी बहीण आहे. आई गेल्यावर मीच वाढवली आहे तिला." म्हातारीनं लगेच हात सोडला. पुढं एक शब्द विचारला नाही. त्या ड्रायव्हरचा पत्ता माझ्याकडे आहे. दगड पोस्टानं परत जाईल आणि सोबत तुझ्या हातची चिठ्ठी: मी उचलला, अक्काला माहीत नव्हतं. पाठवतेस की नाही, ते आखाजीच्या आत लेखी कळव. जीवरामरावांच्या तोंडी निरोप चालणार नाही.

अजून तरी तुझीच,
प्रमिलाअक्का