गार्गीच्या पायांवरच्या रेघा

९ जानेवारी
परत काहीतरी! जन्मल्यावर आलेले फोड वाळले तेव्हा वाटलं, सुटलो. आता गार्गीच्या दोन्ही पायांवर तपकिरी वळसे — चिखलाची बोटं ओढल्यासारखे. आंघोळ घालताना सासूबाई म्हणाल्या, "ग्रहणात काही चिरलंस का गं?"  मी टॉवेल जोरात पिळला.

१४ जानेवारी
मुलुंडच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई. गार्गीला पाहिलं नि मला म्हणाल्या, "तुम्ही सलवार वर करा बघू." मी? माझ्या पोटरीवर फिकट पट्टे आहेत, लहानपणापासून. कधी कुणी विचारलं नाही.
"हे तुमच्याकडून आलंय. मुलींच्या रेघा पुसट होत जातात. मुलगे बहुतेक पोटातच जातात."
बाळाचे डोळेही तपासून घ्या म्हणाल्या. परतताना रिक्षात माझा नवरा सर्वेश सारखा तिच्या डोळ्यांपुढे किल्ल्या हलवत होता. मी म्हटलं, पुरे रे!

१६ जानेवारी
डोळे ठीक! पण श्रुतिका? माझी धाकटी बहीण, चेंबूरला असते, तिसरा महिना लागलाय. सांगू? नको? कशातच लक्ष नाही. दूध दोनदा उतू गेलं.

१९ जानेवारी
आधी कांजूरमार्गला आईकडे. माझ्या पाठचे दोन भाऊ तिच्या पोटातच गेले. नळ खाली, खोली तिसऱ्या मजल्यावर — आजवर एकच म्हणत आली, "मियां हंडो उचललंय, म्हणान गेले." आजीही मरेपर्यंत तेच म्हणायची.
मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं; म्हटलं, हा दोष तुझ्याकडूनच आला असणार. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग, "म्हणजे माझ्या हंड्यान न्हय?"
"नाही गं आई."
रडली. मग उठून तांदळाच्या शिरवाळ्या केल्या, नारळाचा रस काढून! कित्येक वर्षांत केल्या नव्हत्या.

२२ जानेवारी
श्रुतिकाला सांगितलं. "आत्ता सांगतेस? आत्ता?" फोन कट. तासाभराने तीच — "तपासायला रक्त कुठे द्यायचं?"

२५ जानेवारी
चौघींनीही दिलं. गार्गीने दवाखाना डोक्यावर घेतला. श्रुतिका पूर्ण वेळ आईचा हात धरून.

७ फेब्रुवारी
अजून काही नाही. फोन वाजला की हातातलं टाकून धावते.

२० फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दोष माझ्यात आहे, गार्गीत आहे. श्रुतिकात नाही! ती फोनवर किंचाळलीच, "वाचले गं!"
आईतही नाही. "तुमच्यापासूनच सुरू झालाय," म्हणाल्या. मग आईचे दोघे कशाने गेले? "ते आता नाही सांगता येणार."

२१ फेब्रुवारी
आईने विचारलं, "म्हणजे माझ्याकडसूनच ना? हंड्यान न्हय?" म्हटलं — हो गं, तुझ्याकडूनच आलंय.