ओढ्याकाठची साठ रोपं

प्रिय धाकटे,

तुझी चिठ्ठी मिळाली. तीन महिन्यांत रोपं पिवळी पडली, लोक यायचे थांबले, आता रविवारी शेवटची बैठक घेऊन मंडळ बंद करणार म्हणतेस. वाचून वाईट वाटायला हवं होतं. खोटं कशाला सांगू, आधी बरंच वाटलं.

वीस वर्षं मी रोपवाटिकेत राबतेय. तू दिवसभर चष्म्याच्या दुकानात. तुझ्या खिडकीतला निवडुंगसुद्धा तू पाणी घालघालून कुजवलास! आणि तू ओढा साफ करायला मंडळ काढलंस. म्हटलं, चार दिवसांचा उत्साह. पण न्हावी आला, निवृत्त मास्तर आले, समोरची शिंपीण आली. दर रविवारी पोत्यांनी प्लास्टिक निघायला लागलं. पालापाचोळा जाळणं थांबलं, त्याचं खत व्हायला लागलं. बेडूकसुद्धा परत आले म्हणे. गल्लीतले म्हातारेकोतारेही तुला ताई म्हणायला लागले. अगं, या घरातली ताई मी आहे! त्यावर कडी म्हणजे आई. जेवताना मला म्हणते, झाडं कशी लावावीत ते जरा धाकटीकडून शिक. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

मग साठ रोपं तू माझ्याकडूनच नेलीस. कशी लावायची ते विचारलं नाहीस. मोबाइलवर बघितलंय म्हणालीस. मीही विचारल्याशिवाय सांगायचं नाही असं ठरवलं. त्यानंतर पाळ्या लावून तुम्ही बादल्या वाहिल्यात, तरी पानं गळतच राहिली. तू ओढ्याच्या पाण्याला दोष देतेस, मास्तर मातीला. शिंपीण म्हणते, कुणाची तरी नजर लागली. तिचं फारसं चुकलं नाही.

काल दुपारी मी ओढ्यावर जाऊन एक रोप उकरलं. मुळं काळ्या पिशवीतच गोल गोल फिरून गुदमरली आहेत. पिशवी फाडून रोप लावायचं असतं, बाई. प्लास्टिक वेचणाऱ्या तुमच्या मंडळानं साठ पिशव्या स्वतःच्या हातानं जमिनीत पुरल्यात. हसू आलं, आणि मग तिथंच बसून रडले. मुळांची टोकं अजून पांढरी आहेत, म्हणजे जीव आहे. बैठक राहू दे. रविवारी सगळ्यांना ब्लेड घेऊन बोलाव. पिशवी कशी कापायची, मुळं कशी सोडवायची, ते मी दाखवते.

पण मी येण्याआधी त्यांना एक गोष्ट सांग, माझ्या तोंडून निघणार नाही. लागवडीच्या दिवशी मी पुलावर उभी होते. पहिलं रोप तू पिशवीसकट खड्ड्यात ठेवलंस, ते मी पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात सगळ्यांनी तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी तोंड मिटलं आणि घरी निघून आले.

तुझीच,
मोठी बहीण