कान तुटलेल्या कपाची बडतर्फी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा वाकलो असं समजून घे). तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला का? मी अगदी मजेत आहे. आज सकाळपासून माझ्याशी फक्त लिफ्ट बोलली, तेही मजला सांगण्यापुरतं.

तुला माहीतच आहे, आमच्या ऑफिसात मिक्सर-पंख्यांच्या माहितीपुस्तिका तयार होतात. मी मजकूर काढतो, चित्रकार आकृत्या काढतो, तपासनीसबाई चुका काढतात आणि साहेब सुस्कारे. फाइल सगळ्यांत एकच. दोघांनी एकदम उघडली की एकाचं लिखाण गडप! म्हणून नियम होता: कान तुटलेला निळा कप ज्याच्या टेबलावर, फाइल त्याची. हवी असेल तर उठायचं, त्याच्याकडे जायचं आणि कप मागायचा. तो बरा सुखासुखी देईल! आधी थोडी हुज्जत, मग चित्रकाराच्या सासूचं ताजं प्रकरण (ते कधी संपायचंच नाही), मग कप. गेल्या महिन्यात मला स्वच्छतेचा पुळका आला आणि मी तो घासून नळाजवळ पालथा घातला. झालं! कप कुणाच्याच टेबलावर नाही, म्हणजे फाइल कुणाकडेच नाही, म्हणून दुपारपर्यंत एकानेही कामाला हात लावला नाही. साहेबांचं डोकंच सणकलं. प्रतींचा नीट हिशोब ठेवणारी एखादी पद्धत शोधून काढ, असं त्यांनी मला फर्मावलं.

मी तीन पद्धती पारखल्या. पहिलीत दर बदलाला असे काही हुकूम टाइप करायचे की त्यापेक्षा विमान चालवणं सोपं. चित्रकार सरळ राजीनाम्याच्या गोष्टी करायला लागला. दुसरीत एकाने फाइल उघडली की बाकीच्यांना कुलूप, म्हणजे आमचा कपच की, फक्त चहा पिता न येणारा. तिसरीत सगळ्यांनी एकदम, कुठूनही लिहायचं. कोणी काय बदललं याची नोंद आपोआप, आणि जुनी प्रत हवी तर एका क्लिकवर परत. कपाचं काय वाईट चाललंय, असं बाईंनी विचारलंसुद्धा. मी त्यांनाच चांगलं लांबलचक शहाणपण शिकवलं आणि तिसरी पद्धत आणली.

ताई, त्यातलं ‘कुठूनही’ तेवढं सगळ्यांनी मनावर घेतलं. चित्रकार घरून काढतो, बाई घरून तपासतात, साहेब कुठे असतात ते साहेबांनाच ठाऊक. मी मात्र रोज येतो, कारण खोलीवर तरी कोण बसलंय माझी वाट बघत? परवा मुद्दाम लिहिलं की पंखा लावण्यापूर्वी रात्रभर भिजत घालावा. म्हटलं, आता तरी बाई फोन करून झापतील. त्यांनी गुपचूप जुनी प्रत परत आणली, चकार शब्द नाही. फार वाईट वाटलं गं. सासूचं पुढे काय झालं, तेही कळलं नाही.

असो. काम झकास चाललंय, एक ओळ इकडची तिकडे होत नाही. माझी काळजी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे भाऊजींना वाचून दाखवू नकोस, हसतील. नाहीतर दाखव, हसू देत.

आणखी एक ता. क. : ही पद्धत तुमच्या घरूनही चालते, मी खात्री करून घेतली आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक कोपरा पुरे. तुमच्याकडे दिवसभर कुणी ना कुणी कुणाला हाका मारत असतं, माझं काम धड होणार नाही, सगळं ठाऊक आहे. येऊ का?