नावाआधीचं ‘लेट’

२ डिसेंबर १९७४, सोमवार

आकारामनं आज ऑफिसात सगळ्यांदेखत विचारलं! आमच्या सलमाचा मॅट्रिकचा फॉर्म पुढ्यात — “बाई, बापाच्या नावाआदी लेट लावायचं का न्हाय? तुमच्यात कैलासवासी चालत न्हाय, पर विंग्रजीतलं लेट समद्यास्नी चालतंय की.” शाळेचा क्लार्क तो, त्याला रकाना भरायचाय. शनिवारपर्यंत सांगते म्हटलं. मग आठवीवर दोन तास. मग नववीवर. पाय दुखतात.

येत्या नऊ तारखेला सात वर्षं होतील. हे इंजिनाचे पार्ट घेऊन चिपळूणला निघाले आणि तिसऱ्या दिवशी पहाटे कोयनेचा भूकंप. वाट तिथूनच जाते. ना माणूस परतला, ना निरोप. वकील म्हणतात, सात वर्षं ठावठिकाणा नसला की कायदा माणूस गेला असं धरतो. कायद्याचं बरं आहे. एकदा धरलं की सुटला.

३ डिसेंबर

सासूबाईंच्या कानावर घातलं. पानाचा डबा आपटला! “माझं पोरगं जित्तं हाय! लेट-बिट कायबी लावायचं न्हाय. येनार हाय त्यो.” इतक्या वर्षांत एकदाही या बाईचा आवाज हलला नाही. हेवा वाटतो. मला तर यांचा चेहरासुद्धा आता फोटोतलाच आठवतो, आणि त्या फोटोत हे हसलेले नाहीत.

सलमा भांडी घासत होती. घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला घेतलं.

५ डिसेंबर

मोकळ्या तासाला लायब्ररीतला जाडा कोश काढला. अकरा वर्षं इंग्रजी शिकवते आणि हा एवढासा शब्द कधी नीट पाहिला नव्हता. ‘लेट’ म्हणजे मुळात उशीर नव्हेच — मंद, थकलेला. मग थकलेला तो उशिरा पोचणारा. आणि त्याहून पुढं गेलं की कधीच न पोचणारा. ‘लास्ट’ही त्याच घरातला — सगळ्यात लेट तो लास्ट.

जाऊ देणारा लेट, एल-ई-टी, तोही यांच्याच भावकीतला. त्याचा अगदी जुना अर्थ दिलाय — दमून हातातून सोडणे. तिथं बोट ठेवून किती वेळ बसले कोण जाणे, घंटा झालेली कळली नाही.

अजून एक लेट निघाला. स्पेलिंग तेच, अर्थ उलटा — अडवणे, खोळंबा करणे! सोडणारा आणि अडवणारा एकाच कपड्यात. पोरींना काय शिकवायचं, कप्पाळ? राजारामपुरीतल्या एका घरावरची टू-लेटची पाटी वाचून कालच एकीनं विचारलं — “बाई, त्यास्नी घर बांधाय लई उशीर झाला व्हय?”

६ डिसेंबर

डोकं दुखतंय. वह्या तशाच पडल्यात.

७ डिसेंबर, शनिवार

लिहिलं. आकारामच्याच पेनानं. आधी ‘लेट’, मग यांचं नाव — ‘अमीन’. रडू आलं नाही, त्याचंच वाईट वाटलं. मी दमलेय, दुसरं काही नाही. कोशात लिहिलंय तसं — दमून सोडलं.

आकाराम मस्टर आवरता आवरता म्हणाला, “अकरा वर्सांत तुमच्या नावाफुडं लाल शाईचं एक लेट न्हाय बाई, आन आज मालकांच्या...” आणि मस्टर मिटलं. बिचारा.

घरी सांगितलं. वाटलं, सासूबाई घर डोक्यावर घेतील. नुसतं “लिवलंस?” म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून निजल्या. सलमा जेवली नाही. बापासाठी झुरतेय.

८ डिसेंबर, रविवार

दुपारी सलमानं दादीचा पानाचा डबा आणून माझ्यापुढं ठेवला. सासूबाई ओरडल्या, “सलमे, शपत घातलीया म्या!” पोरीनं ऐकलं नाही. वरचा कप्पा उचलला. खाली पोस्टकार्ड. हुबळीचा शिक्का, एकोणीसशे एकोणसत्तर. अक्षर यांचं. ‘मी खुशाल आहे. इथं गॅरेजात काम आहे. दुसरं घर केलंय. नजीराला कळू देऊ नको.’

दादीला वाचता येत नाही. कार्ड सलमानंच वाचून दाखवलं होतं. अकरा वर्षांची होती! पाच वर्षं पोटात ठेवलं लेकरानं. आणि काल मी म्हणते, बापासाठी झुरतेय! मी किती शहाणी!

“माझ्या फॉर्मवर खोटं जाईल अम्मी,” म्हणाली. “दादीची शपथ ऱ्हाऊ दे.”

सासूबाईंना एवढंच विचारलं — का? “तू म्हायेरी गेली आसतीस. दुसरा निका लावला आसता भावांनी. मग ह्या पोरीला आन मला कोन व्हतं?”

दोनदा स्थळ आलं होतं, दोनदा मीच नको म्हटलं, हे येतील म्हणून. तेव्हा याच बाईनं याच डब्यातलं पान मला करून दिलं होतं. इतका राग आला की पिठाची परात उचलून आपटली. मग पीठ मीच गोळा केलं. तिघींच्या भाकरी केल्या. सासूबाईंनी अर्धीच खाल्ली.

९ डिसेंबर

सकाळी उठवेना. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. आधी फॉर्म मागून घेतला, नावाआधीचं ‘लेट’ खोडलं.

“आलं व्हय मालक?” आकारामचा चेहरा उजळला.

“न्हाय. जित्ता हाय तो.”

मग मस्टर उघडलं. माझ्या नावापुढं लाल शाईत — लेट. सही केली.