आधी आभाळ, मग चेहरा

दि. ११ मार्च
सकाळ, आई भाजी आणायला गेली आहे

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी सर्दी गेली असेल आणि घरमालकिणीने तो गळका नळ एकदाचा दुरुस्त करून दिला असेल, असं धरून चालते. आम्ही दोघी मजेत. चौकशी संपली, आता माझी बढाई ऐक.

स्टुडिओच्या दर्शनी काचेत मी काढलेला फोटो लागला आहे! छोटा नाही, चांगला दारा-खिडकीएवढा. तिथे इतकी वर्षं कोण होतं आठवतंय ना? हनुवटीला बोट लावून बसलेली ती नवरी. तिची मुलं आता कॉलेजात जात असतील, पण ती आपली तशीच बसलेली. काल दुपारी मालकांनी स्वतः स्टुलावर चढून तिला खाली उतरवलं. मी खाली उभी राहून स्टूल धरलं होतं आणि मनातल्या मनात नाचत होते.

पत्र कसलं लिहितेस, फोन कर की, असं म्हणशील. पण आपलं घर केवढं ते तुला माहीत आहे. बाहेरच्या खोलीत खोकलं तरी स्वयंपाकघरातून आई पाणी घेऊन येते. मला काही गोष्टी तिला न ऐकवता सांगायच्या आहेत. पत्राबरोबर एक पुठ्ठ्याचं पाकीट आहे, ते आत्ताच उघडू नकोस. तुझा उतावीळ स्वभाव मला ठाऊक आहे म्हणून त्याला सगळीकडून चिकटपट्टी लावली आहे.

तर झालं असं. आमच्या मालकांचा एक नियम आहे: सूर्य नेहमी फोटोवाल्याच्या पाठीशी हवा. मावळतीकडे पाठ करून माणूस उभा केला की त्याचा कोळसा होतो, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. मी एकदा गिऱ्हाइकांसमोरच म्हटलं, "काका, होतो कोळसा, पण टाळता येतो." झालं. सगळ्यांसमोर बोलल्यामुळे त्यांनाही मागे हटता येईना. म्हणाले, "मावळतीचं आभाळ आणि माणसाचा चेहरा, दोन्ही एका फोटोत नीट आणून दाखव. नवरी काढतो आणि तुझा फोटो काचेत लावतो."

आता माणूस कुठून आणायचा? पासपोर्टच्या फोटोला आलेला माणूस दोन मिनिटं मान सरळ ठेवत नाही, तो गच्चीवर सूर्य मावळेपर्यंत कशाला थांबतोय? मी घरी येऊन सहज आईला विचारलं. आणि ती चक्क 'हो' म्हणाली! ताई, आजारपणानंतर जी बाई आरशावर टॉवेल टाकून केस विंचरते, बाहेर जाताना नाकापर्यंत स्कार्फ ओढून घेते, ती फोटोला लगेच तयार. मी चाटच पडले, पण जास्त विचारलं नाही. म्हटलं, विचारलं तर बदलायची.

पहिल्या संध्याकाळी आपल्या गच्चीवरून आभाळ असं काही आलं की बघत राहावं. आणि आई? पुढे नुसती काळी बाहुली. मी तोंड पाडून तिला कॅमेऱ्याचा पडदा दाखवला, तर ती खूश! "अगं सुरेख आलाय. हाच दे त्यांना." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मावळतीसमोर चेहरा काळा येतो हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. चेहरा येणार नाही, म्हणूनच ती आली होती.

मला राग आला, आणि राग आला म्हणून मी इरेला पेटले. दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावरच्या उजेडाच्या मापाने फोटो घेतला, तर आभाळ धुतलेल्या चादरीसारखं पांढरंफटक. मग कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश उडवला. त्यात आई भिंतीवरून उडी मारताना पकडलेल्या चोरासारखी दिसायला लागली. ते फोटो मी तिला न दाखवताच पुसले.

शेवटी जमलं कसं ते सांगते, कारण हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. आधी आभाळ धरायचं. सूर्य सोडून त्याच्या बाजूच्या आभाळाच्या उजेडाचं माप कॅमेऱ्यात घ्यायचं आणि ते आकडे तिथेच पक्के करायचे, मग चेहरा कितीही काळा दिसो, हात लावायचा नाही. चेहऱ्याला उजेड आपण द्यायचा, आणि तोही समोरून नाही, बाजूने. मी वाळत घालायच्या दोरीला उशीचा पांढरा अभ्रा चिमट्यांनी लावला, त्याच्यामागे फ्लॅश ठेवला आणि फ्लॅशवर लिमलेटच्या गोळीचा पिवळा पारदर्शक कागद चिकटवला, म्हणजे आभाळाचा आणि चेहऱ्याचा उजेड एकाच घरचा वाटतो. सूर्य समोरच्या इमारतींमागे गेला की घाई करायची नाही. खरा रंग त्यानंतर चढतो.

आई ही सगळी मांडामांड बघत होती. तिने एकच विचारलं, "म्हणजे आता दिसणार?"

मी म्हटलं, "दिसणार."

तिने स्कार्फ काढून हाताभोवती गुंडाळला. तेवढ्यात वारा आला, चिमटे सुटले आणि अभ्रा उडाला तो थेट खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या डोक्यावर. त्या बिचाऱ्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. खालून आवाज आला, "अगं बाई, तिन्हीसांजेचं भूत!"

आई हसली, ताई. आधी दाबून, मग दाबता येईना म्हणून मोकळी. आजारपणानंतर तिने हसणंच सोडलं होतं, कारण हसलं की तोंड उजवीकडे ओढलं जातं आणि डावा डोळा मिटत नाही. त्या क्षणी ती हे सगळं विसरली. अभ्रा नसला तरी त्याच वाऱ्याने फ्लॅश भिंतीकडे वळला होता आणि भिंत पांढरी होती. मी बटण दाबलं.

घरी आल्यावर संगणकावर काम थोडंच केलं. आभाळ जरासं गडद केलं, चेहऱ्यावरची सावली किंचित उचलून उजळ केली. आधी जास्त उचलली होती, तर गालावर वाळू सांडल्यासारखे कण आले आणि केसांभोवती पांढरी कड दिसायला लागली. परत मागे गेले. सावली थोडी राहिली तर राहू दे म्हटलं. संध्याकाळ होती ना.

फोटो छापायला दिला आणि इथे घोटाळा झाला. आमच्या मालकांना प्रत्येक फोटोला 'फिनिशिंग' करायची खोड आहे. वाकडी कॉलर, सुटलेलं बटण, हनुवटीवरचा तीळ, कुणी सांगो न सांगो, ते सगळं सरळ करतात. आणि आपण उपकार केले असं त्यांना मनापासून वाटतं. ते माझा फोटो मोठा करून, गुंडाळी बगलेत मारून स्वतः घरी आले आणि आईसमोर उलगडला. "घ्या वहिनी. लेकीने पैज जिंकली. बाकी मी नीट करून दिलंय."

आभाळ माझंच होतं. पण बाईचे दोन्ही डोळे सारखे, ओठ पट्टीने आखल्यासारखे, गालावर एक सुरकुती नाही. मला तो फोटो तिथल्या तिथे गुंडाळून टाकावासा वाटला. काकांच्या रागाने नव्हे. आईला हाच आवडला तर, या भीतीने. मग तिच्या खऱ्या चेहऱ्याला या घरात जागाच उरली नसती.

आई फोटोजवळ वाकली. मग उठली, आरशावरचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि एकदा आरशात, एकदा फोटोत बघितलं. परत येऊन म्हणाली, "भाऊजी, ही बाई कोण? चांगली आहे, पण जरा कडक वाटते. माझी हिची ओळख नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तू काढलेला दाखव."

मी संगणक उघडला. पडद्यावर ती आली: मागे सगळं आभाळ पेटलेलं, वाऱ्याने केस उडालेले, तोंड उजवीकडे पार कानाकडे गेलेलं, उजवा डोळा हसून मिटलेला आणि डावा टक्क उघडा.

"अगं," आई म्हणाली, "मी तर डोळा मारतेय!"

आणि पुन्हा तशीच हसली. काकांसमोर, स्कार्फशिवाय. काका गुंडाळी गुंडाळत पुटपुटले की माणसाचं भलं करायला जाऊ नये. आईने त्यांना चहा दिला आणि बजावलं, "काचेत हाच लावायचा. आणि तुमचं फिनिशिंग त्या नवरीला करा."

काल ती काच बघायला गेली. समोरचा चपला शिवणारा विचारत होता, "तुम्हीच ना त्या?" आई म्हणाली, "मग काय, माझी शेजारीण?" मी तिच्या मागे उभी होते. इतका आनंद मला कधी झाला नव्हता, हे सरळ सांगून टाकते.

आता ते दुसरं, आईला न ऐकवता सांगायचं. तू दर वेळी विचारतेस की व्हिडिओ कॉलवर आईशी बोलताना तुला नेहमी छताचा पंखाच का दिसतो, तिला फोन नीट धरता येत नाही का. मी टाळत आले. ताई, तिला फोन उत्तम धरता येतो. आजारपणानंतर तू पहिल्यांदा तिला बघितलंस तेव्हा तोंडावर हात ठेवलास, आणि फोन बंद झाला. नंतर तू कळवलंस की रेंज गेली. आई म्हणाली, "गेली असेल." पुढच्या रविवारपासून तिने फोन छताकडे करून ठेवायला सुरुवात केली. मी तुझ्यावर खूप चिडले होते. परवा मात्र आईनेच सांगितलं, "मी रुसले नाही गं. थोरली हळवी आहे. लांब एकटी असते, तिला रडवायचं कशाला? फोटो कागदावर पाठव. आधी तो बघू दे, सवय होऊ दे." हे ऐकल्यावर माझा राग कुठल्या कुठे गेला. तू हात का ठेवलास तेही मला कळतं. मीही पहिल्या आठवड्यात न्हाणीघरात जाऊन रडतच होते.

आता पाकीट उघड. फोटो उजेडात धर, पण उन्हात नको. बघून झालं की भिंतीवर लाव. रविवारी ठरल्या वेळी फोन कर. पंखा दिसणार नाही.

आई आली. कुणाला लिहितेस म्हणून विचारतेय आणि खाली जागा सोड म्हणतेय. वरचं वाचू दिलेलं नाही.

तुझी, आणि काचेतल्या बाईची,
धाकटी

बाळा,
फोटो बघून रडू आलं तर रड. फोनवर आलं तरी चालेल. फक्त या वेळी फोन बंद करू नकोस. मी समोरच असेन.
— आई