फडताळातली पाकिटं

अव्वा,

नमस्कार. तुझी आणि माझी तक्रार एकच आहे. आपल्याकडे पोटुशी बाईच्या दुखण्याला कुणी दुखणंच म्हणत नाही. माझ्या वेळी तुझी कंबर धरली, तेव्हा आजी म्हणाली होती, "सगळ्यांचीच धरते की." ते तू अजून विसरली नाहीस.

मी कोल्हापुरात बरी आहे. रोज गरोदर बायकांची सभा घ्यायची असते, घसा बसलाय, पण जेवण वेळेवर होतं. अप्पांचा खोकला कसा आहे?

काल रक्षितावहिनी फोनवर रडली. सहाव्या महिन्यात तिला पायऱ्या चढवत नाहीत. तू म्हणालीस, "सगळ्यांचेच पाय दुखतात," आणि डॉक्टरांनी दिलेली ड जीवनसत्त्वाची पाकिटं उष्ण पडतील म्हणून फडताळात ठेवलीस.

तिने पाठवलेला रक्ताचा रिपोर्ट मी इथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवला, तुझं म्हणणंही सांगितलं. त्या आधी हसल्या. "मिरचीचा ठेचा चालतोय, आणि हे उष्ण व्हय?" मग गंभीर होऊन म्हणाल्या, आपल्या चंदगडच्या पावसात चार महिने ऊन दिसत नाही, त्यात वहिनी घरातच. आईच्या अंगातच उन्हातून मिळणारं हे जीवनसत्त्व कमी असेल, तर बाळाची हाडं कशावर धरणार? तिला लिहून दिलंय तसं आठवड्याला एकच पाकीट द्यायचं. रोज नको, पण चुकवायचंही नाही. कॅल्शियमची गोळी वेगळी.

हेच मी शंभर बायकांना सांगते, त्या ऐकतात. आपल्याच घरी सांगताना मात्र थकायला होतं गं.

या रविवारी सकाळी एक पाकीट दुधात ढवळून तू स्वतः वहिनीच्या हातात दे.

तुझी लेक,
दानेश्वरी