दगडापर्यंतची वाट

कापडे, ता. पोलादपूर
१४ सप्टेंबर २०२५

विनीत यांस,

'प्रिय' लिहायला हात धजला नाही. पत्र संपेपर्यंत धजला तर लिहीन.

तू बरा असशील. खुर्चीचं चाक दुरुस्त झालं का? हिरकणीवाडीत रायगडच्या रोपवेची गर्दी वाढली असेल, तुझ्या वहिनींना पिठलं-भाकरीच्या स्टॉलवर उसंत नसेल. इकडे भात निसवायला लागलंय, लोंब्या दिसतायत. मावशीची तब्येत जैसे थे.

एकवीस दिवस माझा फोन नाही. तू रुसलास, की मीच रुसले असं धरून बसलायस, कोण जाणे. आमच्या घरात रेंज नाही, ती देवळामागच्या चढावरल्या दगडावर येते, हे तुला पाठच आहे. शेजारच्या शर्मिलाजवळ फोन देऊन मेसेज धाडता आला असता. पण तुझं उत्तरही ठाऊक होतं: "आज वाटेत काय दिसलं?"

पंधरा वर्षं लोकांना गड दाखवणारा माणूस तू, पडलास आणि कमरेखालचं सगळं गेलं. अपंगांच्या त्या ग्रुपवर ओळख झाली तेव्हा मी म्हटलं, मी मावशीसाठी ग्रुपात आहे. तू म्हणालास, "म्हणजे तू चालतेस ना गो? मग मला रोज तुझी वाट सांग." मी सांगत गेले. बांधावरचा खेकडा, करवंदीच्या जाळीत अडकलेली कुणाची तरी ओढणी, चढावर लागणारा दम. दीड वर्ष झालं.

आता लिहूनच टाकते. मावशी कुणी नाहीच. ग्रुपात मी माझ्यासाठी आहे. तीन वर्षांची असताना ताप आला आणि पाय गेले. दगडापर्यंत आई मला पाठुंगळी न्यायची. बासष्ट वर्षांची आहे माझी आई बयाबाई. खेकडा मी पाहिला तो तिच्या खांद्यावरून. दम तिचा होता.

तू एकदा विचारलंस, लावणीचा चिखल पायाला कसा लागतो, मी विसरत चाललोय. मी कधी खाचरात उतरलेच नाही. फोनवर हात ठेवून आईला विचारलं. ती म्हणाली, "गार लागतो गो. बोटांच्या फटीतनं वर येतो." तेच मी तुला सांगितलं. त्या दिवशी खरं सांगायला हवं होतं. पण मला भेटणारा जो तो आधी माझ्या पायांशी बोलतो, मग माझ्याशी. एक तू तसा नव्हतास, आणि ते सोडवेना. खोटं बोलले तेही नेमकं अशा माणसाशी, ज्याला खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. माझ्या शहाणपणाला तोड नाही.

गणपतीच्या तोंडावर आईचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलायचं नाही. ओझं म्हणजे मी. ती अजून म्हणते, "दसऱ्यापर्यंत बरी व्हईन, मंग नेईन." मीच नको म्हणते. शर्मिलाचा नवरा नेतो म्हणाला, पण त्याच्या पाठीवर बसून तुझ्याशी काय बोलू?

सकाळचा चहा झाला की अजून अंगावर शाल घेते, निघायचंच आहे अशी. मग काढून ठेवते. तुझी फार आठवण येते रे.

आमच्या दारापर्यंत गाडी येते. तुझ्या भावाच्या टेम्पोत तुझी खुर्ची मावते, तूच सांगितलं होतंस. राग आला असेल तर नको येऊस, मी काही म्हणणार नाही.

आईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "येऊ दे त्याला. वाट मी सांगन. चालत तर मीच होते."

हात धजला. प्रिय विनीत, ये.

उंबऱ्याशी बसलेली,
अक्षदा